जपानला नेता, तर जेवायचंही बघा: टूर कंपन्यांना खुले पत्र

जपानच्या सहली काढणाऱ्या मुंबई-पुण्यातील सर्व टूर कंपन्यांच्या संचालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणची. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला, साकुरा, म्हणजे तिथली चेरी, फुलते त्या दिवसांत, मी आणि माझे मिस्टर तुमच्यापैकी एका कंपनीच्या ग्रुप टूरनं आठ रात्रींसाठी जपानला जाऊन आलो. त्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. परत आल्यावर आणखी चार कंपन्यांचे बुकिंग फॉर्म मागवून पाहिले आणि चारही फॉर्मवर आहाराचा रकाना अगदी तसाच निघाला: शाकाहारी, मांसाहारी, जैन. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आम्ही मुसलमान आहोत. हलाल खातो. त्या तीन पर्यायांत आम्ही कुठं बसतो, हे मी पैसे भरायच्या आधी विचारलं होतं, एकदा नाही, तीनदा. कार्यालयात बुकिंगच्या दिवशी विचारलं, तेव्हा समोरच्या मुलीनं 'मांसाहारी'वर खूण केली आणि म्हणाली, "मॅडम, होऊन जाईल, रात्रीचं जेवण इंडियनच असतं." मग ई-मेल केला, त्यावर 'नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं. निघायच्या आधीच्या बैठकीत उभी राहून विचारलं, तेव्हा टूर मॅनेजर म्हणाले, "बिनधास्त या." आम्ही बिनधास्त गेलो. दोघांचे मिळून सात लाखांच्या घरात पैसे गेले. त्यात माझ्या ग्रॅच्युइटीचा मोठा भाग होता.

जपानच का, तेही सांगते. माझे अब्बा जहाजावर खलाशी होते. आमच्या भागातली कितीतरी मुसलमान घरं बोटीवरच्या पगारावर उभी राहिली. कोबे, योकोहामा ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकात वाचायच्या आधी अब्बांच्या तोंडून ऐकली. कोबेहून त्यांनी आणलेला निळ्या नक्षीचा चिनी मातीचा वाडगा अजून माझ्या कपाटात आहे. त्या वाडग्याचं गाव एकदा बघायचं, एवढीच इच्छा होती. अब्बा महिनोन् महिने समुद्रावर असायचे, पण जेवणाची तक्रार त्यांनी कधी केली नाही. बोटीवर खलाशांचा वेगळा भंडारी असायचा, म्हणजे त्यांचा स्वतःचा स्वयंपाकी. गोऱ्या साहेबांच्या कंपन्यांना साठ-सत्तर वर्षांपूर्वी कळत होतं की ही माणसं आपलं जेवण असेल तरच नीट काम करतील. आम्ही तर पैसे मोजून आलेली माणसं.

आता तक्रारी मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या 'मांसाहारी' शब्दाबद्दल आहे. तुमच्या लेखी मांसाहारी माणूस म्हणजे काहीही खाणारा माणूस. आम्ही मांस खातो, पण हलाल केलेलंच. डुक्कर नाही, डुकराची चरबी नाही, आणि दारू पेल्यातही नाही अन् पातेल्यातही नाही. यात न कळण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात मुलाणी होता. जत्रेतला बकरा त्याच्या हातून हलाल झाल्यावरच वाटे पडायचे, आणि ते वाटे नेणारे बहुतेक हिंदू असायचे. हा शब्द आपल्या मातीत परका नाही, फक्त तुमच्या फॉर्मवर नाही.

जपानमध्ये नुसतं 'मांसाहारी' लिहिणं किती अपुरं आहे, हे तिथं गेल्यावर पहिल्याच दिवशी कळतं. तिथल्या स्वयंपाकात साके, म्हणजे तांदळाची दारू, आणि मिरिन आपल्या हळद-तिखटासारखे पडतात. मिरिन ही तांदळापासून केलेली गोडसर दारूच, खऱ्या मिरिनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. तेरियाकी या गोडसर सॉसच्या चकाकीत ते असतं, शिजवलेल्या भाज्यांत असतं, वाम माशाला लावतात त्या सॉसमध्ये असतं. तोन्कोत्सु रामेन या नूडल्सचा पांढरट रस्सा म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून काढलेला अर्क. ग्योझा म्हणजे दिसायला आपली वाफवलेली करंजी, पण आत बहुधा डुकराचा खिमा. ओसाकाच्या ओकोनोमियाकीवर, म्हणजे कोबीच्या जाड धिरड्यावर, सांगितलं नाही तर डुकराच्या पातळ चकत्या येतातच. पावात शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट चरबी, जी प्राण्याचीही असू शकते, आणि मिठाईत जिलेटिन, जे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. पाकिटांवर अ‍ॅलर्जीसाठी जे पदार्थ छापणं तिथं सक्तीचं आहे, त्यांत अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा आहेत. डुकराचं मांस आणि जिलेटिन मात्र सक्तीच्या नाही, नुसत्या शिफारशीच्या यादीत आहेत. म्हणजे पाकीट वाचूनही खात्री होतेच असं नाही.

हे सगळं तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही. वर्षानुवर्षं तुम्ही तिथं माणसं नेत आहात. २०२४ या एका वर्षात दोन लाख तीस हजारांहून जास्त भारतीय जपानला जाऊन आले, त्यांतले पुष्कळ तुमच्याच बसमधून.

दुसरी तक्रार 'इंडियन डिनर'ची. 'इंडियन' म्हटलं की प्रश्न मिटला, ही तुमची समजूत चुकीची आहे. जपानमधली बरीचशी इंडियन रेस्टॉरंटं नेपाळी मंडळी चालवतात. माणसं फार अगत्याची. पण तिथली कोंबडी हलाल असेलच असं नाही. काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते, विचारावं लागतं. आमच्या दौऱ्यात अशा चार हॉटेलांत जेवणं झाली. चारही ठिकाणी मीच आत जाऊन विचारलं. दोघांनी 'हो' म्हणून खोक्यावरचा शिक्का दाखवला. दोघांनी प्रामाणिकपणे 'नाही' सांगितलं. एका मिनिटाचं काम होतं. तुमच्या कार्यालयानं ते बुकिंग करताना केलं असतं, तर बत्तीस माणसांसमोर स्वयंपाकघराच्या दारात मला उभं राहावं लागलं नसतं.

तिसरी गोष्ट हाकोनेची. ती जरा सविस्तर सांगते.

हाकोनेला एक रात्र पारंपरिक जपानी सराईत, रिओकानमध्ये होती. माहितीपत्रकात त्या रात्रीच्या काइसेकी जेवणाचा, म्हणजे अनेक छोट्या पदार्थांच्या पारंपरिक मेजवानीचा, मोठा फोटो होता. ताटासमोर बसलो तेव्हा नऊ लहान-लहान वाट्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही, एका पानावर मॅपलच्या आकाराची गाजराची फोड. इतकं देखणं जेवण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी वाढणाऱ्या बाईंना फोनवर भाषांतर करून विचारलं. त्या गुडघ्यावर बसल्या आणि एकेक वाटीकडे बोट दाखवत सांगू लागल्या. ही साकेत वाफवलेली, ही मिरिनमध्ये शिजवलेली, या भांड्यातलं गोमांस मोठ्या मानाचं, पण हलाल नाही. नवव्या वाटीपर्यंत येईतो त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच वाईट वाटलं. त्या पुन्हापुन्हा वाकून माफी मागत होत्या. चार दिवस आधी कळलं असतं तर आमच्या स्वयंपाक्यांनी वेगळं केलं असतं, असं त्यांनी फोनच्या पडद्यावर लिहून दाखवलं. तो पडदा मी टूर मॅनेजरना दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, फिरायला आलोय, थोडं अ‍ॅडजस्ट करा."

माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे. संध्याकाळची गोळी त्यांनी घेतली होती. त्या रात्री ते पांढरा भात आणि उकडलेलं अंडं एवढंच जेवले. रात्री दीडला साखर उतरून त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. पिशवीत खजूर होते म्हणून निभावलं. डोंगरातलं गाव, बाहेर पाऊस, आणि मी तातामीच्या चटईवर बसून त्यांच्या तोंडात एकेक खजूर भरवत होते. 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणणाऱ्यांनी ती रात्र लक्षात घ्यावी, म्हणून ही घरची गोष्ट मी चारचौघांत सांगते आहे.

आमच्याच गटात पुण्याचं एक जैन जोडपं होतं. त्यांच्यासाठी तुम्ही महाराज, म्हणजे स्वयंपाकी, सोबत नेला होता. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, सूर्यास्ताआधी डबा हातात. हे तुम्ही किती काटेकोर सांभाळलंत ते मी रोज डोळ्यांनी पाहिलं आणि मला त्याचा आनंद आहे. त्या ताईंनीच हाकोनेला आपल्या पिशवीतले खाकरे माझ्या हातात कोंबले. त्यांना मिळालं ते कमी करा, असं मी चुकूनही म्हणणार नाही. माझं म्हणणं असं की जे तुम्हाला इतकं अवघड असूनही जमतं, त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी तसदी आमच्यासाठी घ्या. आम्हाला महाराज नको.

चौथी तक्रार शिनकानसेनमधल्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमधल्या, बेंतो डब्याची. क्योतोला जाताना सगळ्यांना डबे वाटले. माझ्या डब्यावर 'नॉनव्हेज' अशी चिठ्ठी होती. बटाट्याची कोशिंबीर म्हणून मी चमचा उचलला, तर त्यात नखाएवढे गुलाबी तुकडे. हॅम. मी चमचा खाली ठेवला, डबा बंद केला. दोन तासांचा तो प्रवास, खिडकीतून फुजी दिसला म्हणून सगळे उभे राहून फोटो काढत होते, आणि मी तो बंद डबा मांडीवर धरून बसले होते.

हा प्रश्न फक्त आमचा आहे असं समजू नका. वाटेत एका ठिकाणी सगळ्यांनी करी-राइस घेतला. सांगलीच्या एक काकू गटात होत्या, मटण खातात, पण गोमांस त्यांना वर्ज्य. शाकाहारी करी म्हणून त्यांनी निम्मी थाळी संपवली. नंतर शेजारच्या दुकानात त्याच पद्धतीच्या करीच्या वड्यांचं पाकीट मी फोननं वाचलं, तर पहिल्या ओळीतच गाईची आणि डुकराची चरबी. तिथल्या बाजारच्या बऱ्याच करी-वड्यांत ती असते. काकूंना सांगावं की नाही, या विचारानं माझा जीव घुसमटला. शेवटी सांगितलं नाही. आणि तुमचे जे शाकाहारी प्रवासी रोज सकाळी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप आवडीनं पितात, त्या सुपाचा दाशी, म्हणजे मूळ रस्सा, बहुधा सुकवलेल्या माशाचा असतो. मला तो चालतो, त्यांना चालतो का, हे त्यांना कुणी विचारलंय?

आता जे मला सर्वात जास्त सलतं ते. जपानमध्ये आम्ही उपाशी राहावं असं काही कारणच नव्हतं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या त्या नावाच्या परंपरेचे. समुद्रातलं बहुतेक सगळं आम्हाला हलाल: मासा, कोळंबी, माकूळ, तिसऱ्या. हनफी परंपरेची मंडळी माशाखेरीज यातलं बरंचसं वगळतात, आम्ही नाही. मासे खाणाऱ्या देशात, मासे खाणारी कोकणातली माणसं, आणि आठवडाभर केळी, उकडलेली अंडी आणि ओनिगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यांवर दिवस काढतात!

क्योतोत एक दुपार मोकळी होती, तेव्हा आम्ही दोघं गल्लीतल्या एका छोट्या खानावळीत शिरलो. टोकियोत असताना आम्ही तिथल्या मोठ्या मशिदीत, टोकियो जामीत, नमाजाला गेलो होतो. ती १९३८ची, आत्ताची इमारत २००० सालची, आणि तिथंच हलाल सामानाचं दुकान आहे. त्या दुकानातल्या मुलीनं मला जपानीत एक कार्ड लिहून दिलं होतं: डुकराचं मांस, डुकराची चरबी, साके, मिरिन चालत नाही; मासा, मीठ, भात, भाजी चालते. ते कार्ड मी खानावळीतल्या आजोबांपुढं धरलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं. मग फळीवरचा मिसोचा डबा काढून त्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. पुष्कळशा मिसोत टिकण्यासाठी अल्कोहोल घालतात, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सूप बाजूला गेलं. शिजवलेल्या भोपळ्याची वाटीही त्यांनी स्वतःहून काढली, कारण त्यात मिरिन होतं. मग एक मासा उचलून दाखवला, आणि मिठाची बरणी दाखवली. एवढंच. साबा शिओयाकी.

साबा म्हणजे बांगड्याच्याच कुळातला मासा. मीठ लावून जाळावर भाजलेला, कातडी कुरकुरीत झालेली, वर फुगे आलेले, बाजूला किसलेला पांढरा मुळा आणि लिंबाची फोड. मिस्टरांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगो, ह्यो तर आपलाच." सहा दिवसांनी आम्ही पोटभर जेवलो. दोघांचं मिळून जे बिल झालं, ते तुमच्या त्या न खाल्लेल्या डब्यांच्या किमतीपेक्षा नक्कीच कमी असेल. ज्या आजोबांना एक अक्षर इंग्रजी येत नव्हतं त्यांना एका कार्डानं जे कळलं, ते तुमच्या कार्यालयात तीनदा मराठीत सांगून कळलं नाही.

आणखी एक. टोकियोत आमचं हॉटेल असाकुसात होतं. असाकुसात 'नारितया' नावाचं हलाल रामेनचं दुकान आहे, मलेशिया-इंडोनेशियाची माणसं तिथं रांग लावतात. आमच्या हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे आम्हाला शेवटच्या दिवशी, विमानतळाच्या बसमध्ये बसल्यावर कळलं, तेही दुसऱ्या एका प्रवाशाकडून. २०१३मध्ये जपाननं मलेशियाच्या पर्यटकांना व्हिसा माफ केला, पुढच्या वर्षी इंडोनेशियालाही सवलत दिली. तेव्हापासून तिथं हलाल जेवणाची, नमाजाच्या खोल्यांची सोय वाढत गेली आहे. नारिता, हानेदा, कान्साई या विमानतळांवर नमाजाच्या खोल्या आहेत. जपानची सरकारी पर्यटन संस्था मुस्लीम प्रवाशांसाठी माहिती प्रसिद्ध करते. त्या संस्थेचं कार्यालय आपल्या दिल्लीतही आहे, म्हणजे विचारायला टोकियोला फोन करायचीही गरज नाही. क्वालालंपूरच्या प्रवाशाला जे मिळतं ते चिपळूणच्या प्रवाशाला का मिळत नाही, याचं उत्तर जपानमध्ये नाही, तुमच्या फॉर्ममध्ये आहे.

तेव्हा मागण्या. त्या थोड्याच आहेत.

बुकिंग फॉर्मवर 'हलाल' हा वेगळा पर्याय छापा. देता येणार नसेल तर 'उपलब्ध नाही' असं स्वच्छ लिहा, आम्ही आमची शिदोरी घेऊन येऊ किंवा येणार नाही. 'होऊन जाईल' हे उत्तर मात्र बंद करा.

रोजचं जेवण कुठं आहे, त्यात मांस कुठलं, डुकराची चरबी किंवा दारू आहे का, हे निघायच्या पंधरा दिवस आधी लेखी द्या. सगळ्यांना द्या, सांगलीच्या काकूंनाही. जेवण 'इंडियन' असेल तर मांस हलाल आहे का ते हॉटेलला विचारून मगच कागदावर लिहा. सोया सॉस मुरताना त्यात आपोआप तयार होणाऱ्या अल्कोहोलचा कीस मी काढत बसत नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मुद्दाम घातलेलं असेल तेवढं सांगा.

रिओकानला आहाराची सूचना आगाऊ आणि जपानीत पाठवा. शेवटच्या क्षणी तिथलं स्वयंपाकघर काही बदलू शकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ज्या जेवणात आमची सोय होणार नाही, त्या जेवणाचे पैसे आमच्या हातात द्या आणि तेवढा वेळ मोकळा सोडा. जवळचं हलाल दुकान कुठं आहे ते टूर मॅनेजरच्या कागदावर असू द्या. आणि त्या जपानी कार्डासारखं एक कार्ड प्रत्येक प्रवाशाच्या किटमध्ये, टोपी आणि पाण्याच्या बाटलीसोबत, घालून द्या. छापायला रुपया-दोन रुपये पडतील. माझ्याकडचं कार्ड मी तुम्हाला फुकट द्यायला तयार आहे.

टूर मॅनेजरांना एवढंच समजावून सांगा की मधुमेही माणसाला रात्री 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणायचं नसतं.

मला नुकसानभरपाई नको. मी ग्राहक आयोगाकडे गेलेले नाही, जाणारही नाही. कोबे आमच्या यादीत नव्हतं, पण ओसाकाहून रेल्वेनं अर्ध्या तासावर आहे म्हणून शेवटच्या मोकळ्या सकाळी आम्ही दोघं गेलो. तिथली मशीद १९३५ची, जपानमधली पहिली समजली जाणारी. तिथल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधली, त्यांत आपल्या हिंदुस्थानातलेही होते. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात आणि १९९५च्या भूकंपातही ती टिकून राहिली. अब्बा बंदरावर उतरल्यावर इथं येऊन नमाज पढले असतील का, ते आता विचारायला कुणी उरलेलं नाही. मी तिथं पायरीवर बसून खूप रडले. ही सहल तुमच्यामुळं घडली, हेही मी मान्य करते. म्हणूनच भांडते आहे.

माझी नणंद आणि तिचे मिस्टर येत्या नोव्हेंबरात, लाल पानांच्या दिवसांत, जपानला जायचं म्हणतात. तुमच्यापैकीच एका कंपनीचा फॉर्म माझ्या टेबलावर आहे. बाकी सगळं भरून झालंय, आहाराचा रकाना तेवढा मोकळा ठेवलाय. तिथं काय लिहायचं ते कळवा, लेखी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
चिपळूण, जि. रत्नागिरी